बिळातला शेजारी

पावसाळा संपला की साजगावच्या आसपासच्या डोंगरांवरचे गवत पिवळे पडू लागते. बुजलेल्या पायवाटा पुन्हा दिसू लागतात. गुरे चारायला किंवा लाकूडफाटा आणायला डोंगरावर जाणाऱ्या माणसाला अशा वेळी कधीकधी एक फोडलेले वारूळ दिसते. काल संध्याकाळी ते शाबूत होते. रात्रीतून कोणीतरी त्याच्या बुडाशी मोठे भगदाड पाडले आहे. ताजी माती बाहेर पसरली आहे आणि मातीवर लांब नखांचे ओरखडे आहेत. वारुळात नाग असतो असे आपण ऐकतो. पण नागाला नखे नसतात. कुत्रा जमीन उकरतो. पण दगडासारखे घट्ट वारूळ इतके खोल फोडणे त्याला जमत नाही. मग हे काम कोणाचे?

हे काम बहुधा खवले मांजराचे असते.

साजगाव हे रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील, खोपोलीजवळचे गाव. साजगाव म्हटले की लोकांना कार्तिकी एकादशीपासून भरणारी यात्रा आठवते. विठोबाचे देऊळ, दुकानांच्या रांगा, पाळणे आणि सुक्या मासळीचा बाजार यांनी गाव गजबजून जाते. खोपोलीकडे कारखाने आहेत. त्यांत रात्रपाळी चालते, हेही तुम्हांला माहीत आहे. पण डोंगरातही एक रात्रपाळी चालते. तिचा भोंगा वाजत नाही आणि तिच्या कामकऱ्याला कोणी मजुरी देत नाही. खवले मांजर हा त्या रात्रपाळीचा कामकरी. तो आपला शेजारी आहे. पण आपल्यापैकी फारच थोड्यांनी त्याला पाहिले आहे.

त्याचे नाव थोडे फसवे आहे. त्याला खवले आहेत हे खरे. पण तो मांजराच्या कुळातला नाही. खवले पाहून काही जणांना तो सरपटणारा प्राणी वाटतो. तेही खरे नाही. खवले मांजराची मादी पिल्लाला जन्म देते व त्याला दूध पाजते, म्हणून तो सस्तन प्राणी आहे. जगातील सर्व सस्तन प्राण्यांत अंगावर असे खवले असणारा हा एकच गट आहे. इंग्रजीत त्याला पँगोलिन म्हणतात. हा शब्द मलाय भाषेतून आला असून ‘अंग गुंडाळून घेणारा’ असा त्याचा अर्थ आहे. हिंदीत त्याला सल्लू साँप म्हणतात, तसेच चींटीखोर असेही म्हणतात. यातला ‘खोर’ तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे. तो मराठीतही आला आहे. लाचखोर, चुगलखोर, भांडखोर हे शब्द तुम्ही वाचले असतील. खवले मांजर मात्र मुंगीखोर असले तरी भांडखोर मुळीच नाही. ते कोणावर धावून जात नाही, कोणाला चावत नाही. चावणार तरी कसे? त्याच्या तोंडात एकही दात नाही!

जगात खवले मांजराच्या आठ जाती आहेत. चार जाती आशिया खंडात व चार आफ्रिका खंडात आढळतात. त्यांपैकी दोन भारतात आहेत. एक चिनी खवले मांजर. ते आपल्या देशाच्या ईशान्य भागात राहते. दुसरे भारतीय खवले मांजर. ते देशाच्या बऱ्याच भागांत, तसेच पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका या देशांतही आढळते. कोकणात आणि सह्याद्रीच्या उतारांवर असते ते हेच.

पूर्ण वाढलेल्या भारतीय खवले मांजराची लांबी नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत तीन ते चार फूट असते. वजन साधारणपणे १० ते १६ किलोग्रॅम भरते. जुन्या घराच्या छपरावर कौले जशी एकावर एक बसवलेली असतात, तसे त्याच्या पाठीवर, डोक्यावर व शेपटीवर खवले बसवलेले असतात. कौलांमुळे पावसापासून घराचे रक्षण होते. खवल्यांमुळे दातांपासून आणि पंज्यांपासून त्याचे रक्षण होते. पोट, पायांची आतली बाजू आणि चेहरा एवढाच भाग उघडा असतो. हे खवले हाडाचे नसतात, शिंपल्याचेही नसतात. ते केराटीन नावाच्या पदार्थाचे असतात. आपली नखे व आपले केसही याच पदार्थाचे असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

दिवसभर खवले मांजर बिळात झोपते आणि अंधार पडल्यावर बाहेर येते. त्याला फारसे दिसत नाही. पण नाक अतिशय तीक्ष्ण असते. जमिनीखालच्या मुंग्यांचा आणि वाळवीचा वास त्याला वरून येतो. एकदा ठिकाण सापडले की ते पुढच्या पायांनी माती उकरू लागते. त्याच्या पुढच्या पायांना लांब, वाकडी व मजबूत नखे असतात. आपल्याला जिथे पहार घ्यावी लागेल, तिथे त्याची नखे पुरतात. चालताना नखांची धार बोथट होऊ नये म्हणून ते नखे आत वळवून पाऊल टाकते.

वारूळ फुटले की मुंग्या चवताळून बाहेर पडतात. खवले मांजर नाकपुड्या व कान मिटून घेते आणि आपली जीभ आत सारते. ही जीभ दोरीसारखी बारीक, चिकट आणि सुमारे वीतभर लांब असते. ती बिळाच्या वाकड्यातिकड्या वाटांत शिरते व मुंग्या, त्यांची अंडी आणि वाळवी चिकटवून बाहेर काढते. दात नसल्यामुळे चावण्याचा प्रश्नच नाही. अन्नाबरोबर थोडी वाळू व बारीक खडे पोटात जातात. त्यांच्या मदतीने पोटातच अन्न दळले जाते. जात्याचे काम पोटच करते म्हणा ना!

एका रात्रीत एक खवले मांजर हजारो मुंग्या व वाळवी खाते. वाळवी वाईटच असते, असे मात्र समजू नका. जंगलात पडलेली पाने व लाकडे कुजवून त्यांची माती करण्यात वाळवीचा मोठा वाटा असतो. वाळवी नसती तर जंगलात पालापाचोळ्याचे ढीग साचले असते. पण तीच वाळवी बेसुमार वाढली तर झाडांना, पिकांना आणि घराच्या वाशांना उपद्रव देते. म्हणून जंगलात वाळवीही हवी आणि वाळवी खाणाराही हवा. निसर्गाच्या तराजूची दोन्ही पारडी अशा रीतीने सारखी राहतात.

खवले मांजराचे दुसरे मोठे काम म्हणजे खणणे. ते दोन प्रकारची बिळे खणते. एक खाण्यासाठी, हे बीळ लहान असते व काम झाले की ते सोडून देते. दुसरे राहण्यासाठी, हे बरेच खोल असते. माती भुसभुशीत असेल तर ते कित्येक फूट आत जाते. आत शिरल्यावर खवले मांजर पुष्कळदा बिळाचे तोंड मातीने बंद करून घेते. दार लावून झोपणारा हा प्राणी!

या खणण्याचा डोंगराला फार उपयोग होतो. खालची माती वर येते, वरचा पालापाचोळा खाली जातो. घट्ट झालेल्या जमिनीत हवा खेळते. आपल्या भागात पाऊस चार महिन्यांत धो धो कोसळतो आणि उतारावरून धावत पाताळगंगेला जाऊन मिळतो. जिथे जमीन उकरलेली, मोकळी असते, तिथे त्यातले थोडे पाणी मुरते. एका बिळाने काय होणार, असे तुम्ही म्हणाल. पण एक खवले मांजर एकच बीळ खणत नाही. ते वर्षभर, रोज रात्री, नव्या ठिकाणी खणत राहते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण इथेही लागू पडते.

शिवाय त्याने सोडलेली बिळे वाया जात नाहीत. ज्यांना स्वतः खोल खणता येत नाही असे प्राणी त्यांत आसरा घेतात. उन्हाळ्यात कडक ऊन असते, कधी वणवा पेटतो, कधी शत्रू पाठीमागे लागतो. अशा वेळी तयार बीळ म्हणजे तयार घर. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपण आळशी माणसाला टोमणा मारण्यासाठी वापरतो. पण डोंगरात असे पुष्कळ जीव आयत्या बिळावर जगतात. बीळ खणणाराच नाहीसा झाला, तर या सर्वांनी जावे कुठे?

आता या प्राण्याच्या सर्वांत विशेष गोष्टीकडे वळू. संकट आले की खवले मांजर पळत नाही, लढत नाही. ते डोके पोटाकडे घेते, शेपटी अंगाभोवती लपेटते आणि चेंडूसारखे गोल होते. उघडे पोट आत जाते व बाहेर फक्त खवलेच राहतात. पिल्लू बरोबर असेल तर आई त्याला पोटाशी घेऊन त्याच्याभोवती स्वतःची वळकटी करते. असा चेंडू उघडणे बिबट्यालाही कठीण जाते. तो पंजाने ढकलतो, चावून पाहतो, शेवटी कंटाळून निघून जातो. मग हळूच चेंडू उलगडतो आणि खवले मांजर आपल्या वाटेने चालू लागते.

पण हीच युक्ती माणसापुढे त्याचा घात करते. माणसाला चेंडू उघडण्याची गरजच नसते. तो चेंडू उचलतो आणि पोत्यात घालतो. ज्या उपायाने खवले मांजर लाखो वर्षे वाचले, त्याच उपायाने ते आता पकडले जाते. बिबट्याच्या दातांपुढे जे टिकते, ते माणसाच्या दोन हातांपुढे टिकत नाही.

माणूस त्याला का पकडतो? काही जण मांसासाठी पकडतात. पण खरा ओढा खवल्यांचा आहे. चीन व व्हिएतनाम या देशांत पूर्वीपासून या खवल्यांचा वापर पारंपरिक औषधांत होत आला. आपल्याकडेही त्यांच्याविषयी अनेक गैरसमज आहेत. कोणी म्हणतात, खवल्याची अंगठी घातली की मूळव्याध बरी होते. कोणी म्हणतात, घरात खवले ठेवले की पैसा येतो. आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा. खवले कशाचे असतात? केराटीनचे. नखे कशाची असतात? केराटीनचीच. मग खवल्याने रोग बरा होत असता, तर आपण कापून टाकलेल्या नखांनीही तो बरा झाला असता. खवल्याने घरात पैसा आला असता, तर न्हाव्याच्या दुकानात केसांच्या ढिगापाशी लोकांची रांग लागली असती! खुद्द चीननेही २०२० साली आपल्या अधिकृत औषधी द्रव्यांच्या यादीतून खवले मांजराचे खवले काढून टाकले आणि या प्राण्याला सर्वोच्च दर्जाचे संरक्षण दिले.

तरीही चोरटा व्यापार थांबलेला नाही. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने व डब्ल्यूडब्ल्यूएफ इंडियाने मिळून दिलेल्या माहितीप्रमाणे २०१८ ते २०२२ या पाच वर्षांत भारतात जप्तीच्या ३४२ घटनांत १,२०३ खवले मांजरे चोरट्या व्यापारात सापडली. ही फक्त पकडली गेलेली प्रकरणे. जी कोणाच्या नजरेस पडली नाहीत, त्यांचा हिशेब यात नाही.

हा आकडा आणखी भयंकर का वाटतो ते पाहा. उंदराला किंवा सशाला एका वेळी अनेक पिल्ले होतात. खवले मांजराच्या मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. ते पिल्लू आईच्या शेपटीच्या बुडाशी घट्ट बसून तिच्याबरोबर फिरते. म्हणजे एक मादी मारली गेली तर पुष्कळदा दोन जीव जातात, आणि ती पोकळी भरून यायला वर्षे लागतात. पिंजऱ्यात ठेवून त्याची संख्या वाढवावी, तर तेही सोपे नाही. रोज ताज्या मुंग्या व वाळवी खाणारा हा प्राणी बंदिवासात सहसा तग धरत नाही. ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयात २००९ साली खवले मांजरांच्या प्रजननासाठी खास केंद्र सुरू झाले, यावरूनच हे काम किती अवघड आहे याची कल्पना येईल.

शिकारीखेरीज इतरही संकटे आहेत. उन्हाळ्यात डोंगरांना वणवे लागतात. पुष्कळदा ते माणसांनीच लावलेले असतात. खालापूर आणि कर्जत तालुक्यांत बंगले व शेतघरे बांधण्यासाठी टेकड्या सपाट केल्या जातात. यंत्राचा एक फावडा फिरला की अनेक वर्षांची वारुळे आणि बिळे एका दिवसात नाहीशी होतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. त्याच्यासारखे रुंद रस्ते माणसांना जवळ आणतात. पण डोंगरातल्या प्राण्यांची एक बाजू दुसरीपासून तोडतात. रस्ता ओलांडताना समोरून वाहन आले की खवले मांजर आपल्या सवयीप्रमाणे जागच्या जागी चेंडू होते. बिबट्या कंटाळून निघून जातो. चाक थांबत नाही.

या प्राण्याच्या रक्षणासाठी कायदा आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला. त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत, खवले मांजर आहे. त्याला मारणे, पकडणे, विकणे किंवा त्याचे खवले जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. या गुन्ह्यासाठी तीन ते सात वर्षे कैद व दंड होतो. या अधिनियमात २०२२ साली सुधारणा झाली, तेव्हा दंडाची किमान रक्कम दहा हजारांवरून पंचवीस हजार रुपये करण्यात आली. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे अनेक देशांची परिषद भरली होती. तिथे आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचे ठरले.

कायदा आवश्यक आहे. पण तो रोज रात्री प्रत्येक बिळापाशी पहारा देऊ शकत नाही. मग काय करावे? याचे उत्तर शोधण्यासाठी आपला डोंगर थोडा वेळ सोडून दूर ऑस्ट्रेलियात जाऊ या. तिथेही असाच एक खणणारा प्राणी आहे आणि तोही नाहीसा होता होता वाचला आहे.

त्याचे नाव वॉम्बॅट. आखूड पायांचा, जाडजूड, दाट केसांचा हा प्राणी लहानशा अस्वलासारखा दिसतो. पण तो गवत खातो. कांगारूप्रमाणे वॉम्बॅटच्या मादीलाही पिल्लासाठी पोटाशी पिशवी असते. फरक एवढाच, की तिच्या पिशवीचे तोंड मागच्या बाजूला असते. त्यामुळे ती बीळ खणते तेव्हा पिल्लाच्या अंगावर माती पडत नाही. वॉम्बॅटची विष्ठा चौकोनी ठोकळ्यांसारखी असते, हे ऐकून तुम्हांला हसू येईल. पण ते अगदी खरे आहे. वॉम्बॅटच्या तीन जाती आहेत. त्यांपैकी उत्तरेकडील केसाळ नाकाचा वॉम्बॅट सर्वांत दुर्मिळ. गुरांनी गवत संपवले, दुष्काळ पडले आणि १९८०च्या दशकाच्या आरंभी क्वीन्सलँड राज्यातील एपिंग फॉरेस्ट या एकाच ठिकाणी त्यांची संख्या सुमारे ३५ उरली. एका वर्गात बसतील इतकेच!

तेथील लोकांनी हात टेकले नाहीत. त्यांनी त्या जंगलात गुरांना येण्यास मनाई केली. डिंगो नावाच्या रानटी कुत्र्यांनी काही वॉम्बॅट मारले, तेव्हा २००२ साली सुमारे २० किलोमीटर लांबीचे कुंपण घातले. एकाच ठिकाणी रोग आला किंवा आग लागली तर सारेच संपतील, म्हणून २००९ साली काही वॉम्बॅट दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी नेऊन वसवले. आज त्यांची संख्या तीनशेच्या वर गेली आहे. चाळीस वर्षांच्या धीराचे हे फळ आहे.

वॉम्बॅट आणि खवले मांजर यांचे नाते जवळचे नाही. एक गवत खातो, दुसरा मुंग्या. पण दोघेही जमीन खणतात, दोघांच्याही बिळांत इतर जीव आसरा घेतात आणि दोघांनाही पिल्ले फार थोडी होतात. म्हणून एकाची गोष्ट दुसऱ्याच्या कामी येते. मात्र एक फरक आहे. वॉम्बॅटसाठी एका जंगलाभोवती कुंपण घालता आले. आपल्या खवले मांजरासाठी असे कुंपण घालता येणार नाही. ते एका जागी राहत नाही. ते आपल्या वाड्यांच्या, भातशेतीच्या आणि देवरायांच्या जवळपास, सगळीकडे थोडेथोडे आहे. त्याच्याभोवती तारांचे कुंपण नको, माणसांचे कुंपण हवे. गावोगावची माणसे हेच त्याचे कुंपण.

असे कुंपण उभे करता येते का? येते. आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात त्याची सुरुवात झाली आहे. चिपळूण येथील ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था खवले मांजराच्या रक्षणासाठी गावागावांत काम करते. याच संस्थेने २००२ पासून वेळास येथे गावकऱ्यांच्या मदतीने समुद्री कासवांची अंडी वाचवली होती. दरवर्षी फेब्रुवारी महिन्यातील तिसऱ्या शनिवारी ‘जागतिक खवले मांजर दिन’ असतो. १५ फेब्रुवारी २०२० रोजी, या दिवशी, चिपळूण तालुक्यातील डुगवे गावाने ‘खवलोत्सव’ साजरा केला. गावकऱ्यांनी खवले मांजराची प्रतिकृती पालखीत ठेवून मिरवली. शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी नाचवणाऱ्या कोकणात या गोष्टीचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्याला गावाने पालखीत बसवले, त्याला पोत्यात कोण घालील?

आता एका अवघड गोष्टीविषयी बोलले पाहिजे. तुमच्यापैकी कोणी विचारील, “सर, पण एका खवले मांजराचे पुष्कळ पैसे मिळतात म्हणतात. गरीब माणसाने काय करावे?” हा प्रश्न खरा आहे. डोंगरावर राहणाऱ्या, रोजावर जगणाऱ्या माणसाला शहरातला दलाल येऊन भेटतो. तो लाखांच्या गोष्टी सांगतो. हाती मात्र थोडेसेच पडते. मोठी कमाई दलालाची आणि त्याच्या वरच्या व्यापाऱ्याची होते. पकडले जाण्याची वेळ आली की सापडतो तो पोते उचलून नेणारा. कोर्टाच्या फेऱ्या त्याच्या नशिबी येतात, तुरुंग त्याला भोगावा लागतो आणि घरी बायकामुलांची उपासमार होते. म्हणजे या व्यवहारात दोघे फसतात. एक बिळातला आणि दुसरा झोपडीतला. हे आपल्या घरी, चाचांना, मामूंना, शेजारच्या काकांना समजावून सांगणे तुमच्या हातात आहे. शाळेत शिकणाऱ्या मुलाचे म्हणणे घरात ऐकले जाते.

तुम्हांला कधी खवले मांजर दिसले तर काय कराल? प्रथम, त्याच्याभोवती गर्दी करू नका. आरडाओरड करू नका. ते चेंडू झाले असेल तर तो उघडण्याचा प्रयत्न करू नका. ते घाबरले आहे एवढाच त्याचा अर्थ. कुत्र्यांना लांब ठेवा. ते डोंगरात आपल्या वाटेने जात असेल तर जाऊ द्या. ते विहिरीत पडले असेल, जखमी असेल किंवा वस्तीत अडकले असेल, तर मोठ्या माणसांना सांगून वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. हल्ली मोबाइलवर छायाचित्र काढून लगेच सर्वांना पाठवण्याची सवय लागली आहे. इथे ती सवय आवरा. ‘आमच्या गावात अमुक ठिकाणी खवले मांजर आहे’ असे लिहिलेले छायाचित्र दलालाच्या हाती पडले, तर आपणच त्याला वाट दाखवली असे होईल. बिळात धूर करू नका, पाणी ओतू नका. डोंगराला आग लावू नका आणि कोणी लावत असेल तर मोठ्यांच्या कानांवर घाला.

वाघ, हत्ती, मोर यांच्याविषयी आपल्याला आपोआप प्रेम वाटते. ते रुबाबदार असतात, त्यांची चित्रे भिंतीवर लागतात. खवले मांजर तसे नाही. ते गात नाही, नाचत नाही, कोणासमोर येत नाही. ते आपले काम करते आणि उजाडण्यापूर्वी बिळात निघून जाते. पण जो दिसत नाही त्याचे काम कमी महत्त्वाचे असते असे थोडेच आहे? घराचा पाया कोठे दिसतो? झाडाचे मूळ कोठे दिसते?

चांगल्या शेजाऱ्याला रोज भेटलेच पाहिजे असे नाही. तो आहे, सुखरूप आहे, एवढे कळले तरी पुरते. डोंगराच्या वाटेवर उद्या तुम्हांला एखादे ताजे फोडलेले वारूळ दिसले, तर क्षणभर थांबा आणि पुढे चला. आपला शेजारी अजून डोंगरात आहे, अशी त्याची खूण तुम्हांला मिळालेली असेल. ती खूण तुमच्या मुलांनाही मिळावी, एवढे आपण नक्कीच करू शकतो.